हॉरर टीझर एडिट करताय? आधी भूत कापा

प्रश्न: आमच्या ग्रुपने कॉलेजसाठी १५ मिनिटांची भुताची फिल्म केलीय. टीझर २ मिनिटांचा झालाय आणि सगळे म्हणतात कंटाळा येतो. काय कापू?

भूत. हो, माहितीय, मेकअपला अख्खी दुपार गेली असणार आणि जिने तो केला तिला आता काय सांगायचं हाही प्रश्नच, पण टीझरमध्येच चेहरा नीट दिसला तर पुढे फिल्म कोण कशाला बघेल? दार हळूच लोटलं जातं, आजी जेवता जेवता थांबते, बास. तुमच्या फिल्मला ४०-४५ सेकंद खूप झाले. गोष्ट कळलीच पाहिजे हा हट्ट सोडा.

प्रश्न: पण भूत काढलं तर दाखवायला शॉटच उरत नाहीत सर!

मग टीझरपुरतं नवीन शूट करा की. १९६० च्या 'सायको'चा ट्रेलर बघा, दिग्दर्शक हिचकॉक स्वतः सिनेमातल्या घरातून आणि मोटेलमधून फिरवत गप्पा मारतो, आणि शेवटी बाथरूमचा पडदा सरकवल्यावर जी किंचाळते ती सिनेमात त्या बाथरूममध्ये असणारी जॅनेट ली नाहीच, विग घातलेली त्यातलीच दुसरी नटी वेरा माइल्स आहे. (तो ट्रेलर सहा मिनिटांच्या वर आहे, आणि मी तुम्हाला ४५ सेकंद सांगतोय, कळतंय मला. तुमच्याकडे हिचकॉक असेल तर घ्या सहा मिनिटं.)

प्रश्न: दचकवायच्या जागी 'ढॅण्ण' टाकलंय, आवाज फुल केलाय, तरी कुणी दचकत नाही.

कारण त्याआधीही सगळं फुलच आहे ना. पहिल्या सेकंदापासून म्युझिक घुमतंय, कानाला सवय होऊन जाते, आणि जास्त मोठ्या आवाजाचा मिक्स यूट्यूब स्वतःच खाली आणतं. ढॅणच्या आधी दोनेक सेकंद म्युझिक उडवा. पण ट्रॅक एकदम रिकामा नको, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं हेडफोन गेला, त्या खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीत येतो तो आवाज, ठेवा, पंख्याची घरघर, लांब कुठेतरी कुत्रं. रूम टोन रेकॉर्डच केला नसेल (कुणीच करत नाही) तर दोन डायलॉगच्या मधल्या फटींमधून गोळा करा. आणि बघणारा जिथे दचकायच्या तयारीत बसलाय तिथे काहीच होऊ देऊ नका, त्याने श्वास सोडला की मग द्या दणका.

प्रश्न: मोबाईलवर शूट केलंय, सुरुवातीला ओठ जुळतात, नंतर आवाज सरकत जातो.

व्हेरिएबल फ्रेम रेट. शूट करताना फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, वरखाली करत असतो. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फ्रेम रेट कॉन्स्टंट करून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

प्रश्न: लॅपटॉपवर भारी दिसतं, फोनवर नुसता काळोख आणि चौकोन चौकोन.

रात्री दिवे बंद करून ग्रेडिंग (रंग-उजेड जुळवणं) केलंत ना? अंधारात एका गालाची कड तरी उजळ ठेवा, मग बाकी काळं चालतं. चौकोन कॉम्प्रेशनचे, एक्स्पोर्टचा बिटरेट वाढवा. आणि अपलोड करायच्या आधी भर दुपारी रिक्षात बसून फोनवर एकदा बघा.