दुतोंड्या मारुती आणि तुझं लॉजिकल

अगं,

तुझे क्लॅटच्या, म्हणजे लॉच्या प्रवेशपरीक्षेच्या, मॉकचे (सराव पेपरचे) स्क्रीनशॉट रात्री नीट बघितले. लॉजिकल रीझनिंगला २४ पैकी ११ आले म्हणून तू रडलीस असं आईने फोनवर सांगितलं, पण मी त्या ११ कडे बघितलंच नाही, चुकलेले १३ एकेक करून वाचले आणि त्यातल्या ९ ठिकाणी एकच गोष्ट झालीय. पॅसेजमधे नसलेलं तू घरून घेऊन आलीस.

तो कांद्याचा पॅसेज बघ. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी तुम्ही निफाडला घरात सोसलीय, चाळीत कांदा आणि भाव पडलेला, त्यामुळे बंदी बरोबर होती असं म्हणणारा लेखक दिसला की तू त्याच्याशी भांडायलाच लागलीस. तुझा राग खराय गं, मला तो पूर्ण पटतो. पण प्रश्न काय होता? लेखक काय गृहीत धरतोय. आणि तू टिक केलंस ते लेखक कुठे चुकतोय याचं उत्तर. वकिलीतसुद्धा समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दात मांडता आलं पाहिजे, खोडायचं नंतर.

अझम्प्शन म्हणजे काय ते तुला क्लासच्या नोट्समधून कळत नाहीये ना, मग नाशिकच्या गोदाघाटावर चल. पावसाळ्यात आपल्याकडे सगळे एकच विचारतात, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? आता समज कोणी म्हणालं, "मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय, म्हणजे शहरात जोरदार पाऊस झालाय." यात पुरावा कुठला आणि निष्कर्ष कुठला ते आधी वेगळं कर. कमरेला पाणी हा पुरावा, शहरात पाऊस हा निष्कर्ष. मधे एक फट आहे, ती बोलणाऱ्याने न बोलता बुजवलीय, की नदीला आलेलं पाणी शहरातल्या पावसाचंच आहे. हे झालं गृहीतक. आता विकन करायचंय, म्हणजे निष्कर्ष कमकुवत करायचाय? त्र्यंबककडे पाऊस झाला आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला एवढं सांग, पंचवटीत कडक ऊन असलं तरी मारुती बुडेल. स्ट्रेन्दन करायचंय, म्हणजे बळकट करायचाय? त्या दिवशी धरणातून पाणी सोडलेलंच नव्हतं असं सांगणारा ऑप्शन शोध. तिन्ही प्रश्न त्या एकाच फटीवर उभे आहेत, म्हणून ऑप्शन वाचायच्या आधी फट शोधायची, पेन्सिलने समासात चार शब्दात लिहायची आणि मगच खाली बघायचं, नाहीतर चारही ऑप्शन खरेच वाटतात.

जर-तरचे तुझे दोन चुकलेत तेही इथेच समजून घे. समज नियम दिला की मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं तर सराफ बाजारात पाणी शिरतंच. सराफ बाजार कोरडा आहे, म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं नाही, हे नक्की. पण बाजारात पाणी शिरलंय म्हणून ते गळ्याशी आलंच असेल असं नाही म्हणता येत, नाल्याचं पाणीसुद्धा शिरू शकतं. तू दोन्ही वेळा हे उलटं वाचलंस.

इन्फरन्सला, म्हणजे पॅसेजवरून काय निष्कर्ष निघतो या प्रश्नाला, शब्दांकडे लक्ष दे. पॅसेजमधे "बहुतेक" असेल आणि ऑप्शनमधे "सगळे" आलं की तो गेला.

आणि घड्याळ सध्या बाजूला ठेव. क्लॅटला १२० मिनिटात १२० प्रश्न असतात हे माहितीय मला, पण पुढचे तीन आठवडे तू रोज दोनच पॅसेज कर, वेळ न लावता, आणि प्रत्येक चुकीच्या ऑप्शनसमोर तो का चुकीचा ते मराठीत एका ओळीत लिही, हो मराठीतच, कारण इंग्रजीत लिहिताना तू पॅसेजचेच शब्द परत उतरवतेस आणि समजल्यासारखं वाटतं. हे कंटाळवाणं आहे, तरी कर. स्पीड त्यानंतर लावू.

सीईटीचं, म्हणजे आपल्या राज्याच्या लॉ प्रवेशपरीक्षेचं, वेगळं धर. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. क्लॅटला चुकलं की पाव मार्क जातो, तिथे दोन ऑप्शन नक्की उडवता आले तर उत्तर द्यायचं, काहीच उडत नसेल तर पुढे जायचं.

रविवारी दहाला सावानाच्या (सार्वजनिक वाचनालयाच्या) दारात भेट, वही घेऊन ये. त्या ११ बरोबरमधले जे नुसत्या अंदाजाने बरोबर आलेत त्यांनाही लाल पेनाने गोल करून आण, मला वाटतं चार तरी निघतील, आपण तिथूनच सुरू करू.

तुझी,
ताई