हौशी रेडिओसाठीच्या १३६ किलोहर्ट्झ या कमी फ्रिक्वेन्सीवर प्रयोग सुरू करण्याआधी जुने अँटेनाशास्त्र वाचावे, की स्वतः करून पाहतच शिकावे?

आधी वाचावे. शंभर वर्षांपूर्वीचे ज्ञान अवाढव्य केंद्रांसाठी होते, घरामागच्या १० मीटरच्या मास्टला त्याचा काय उपयोग, असे तुम्ही प्रश्नात म्हटले आहे. हेच विधान आमच्या क्लबमधल्या एका जुन्या मित्राच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले आहे की, उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

स्वीडनमधील ग्रिमेटन या जुन्या रेडिओ केंद्राचे सहा मनोरे १२७ मीटर उंच आहेत खरे. पण १९२४ साली सुरू झालेले हे केंद्र १७.२ किलोहर्ट्झवरचे, म्हणजे तरंगलांबी १७ किलोमीटरांहून अधिक. त्या मानाने ते मनोरे तरंगलांबीच्या पाऊण टक्काही भरत नाहीत, आणि तेच प्रमाण आपल्या २२०० मीटर बँडवर, म्हणजे याच १३६ किलोहर्ट्झवर, राखायचे तर १६ मीटरचा मास्ट पुरतो. त्या केंद्राची यंत्रणा रचणारा अभियंता अलेक्झांडरसन याच्यापुढे जी अडचण होती तीच तुमच्यापुढे आहे: आखूड अँटेना, नगण्य रेडिएशन रेझिस्टन्स (लहरींच्या रूपाने हवेत जाणाऱ्या शक्तीचे माप) आणि अँटेना जुळवणाऱ्या कॉइलमध्ये व जमिनीत जिरून जाणारी बहुतेक शक्ती. त्याने प्रत्येक मनोऱ्यापाशी स्वतंत्र कॉइल लावून तिथेच अर्थिंग दिले, त्यामुळे जमिनीतला प्रवाह सहा वाटांनी विभागला गेला.

माझ्या मित्राला हे सगळे जुनाट वाटत असे. त्याची अँटेना म्हणजे १० मीटर उभी तार आणि माथ्यावर १५ मीटर आडवी तार. बँडच्या मधोमध एसडब्ल्यूआर (ट्रान्समीटर आणि अँटेना किती जुळतात याचे माप; एक म्हणजे पूर्ण जुळणी) एक, १३५.७ आणि १३७.८ किलोहर्ट्झ या दोन्ही टोकांना जेमतेम अडीच. पुन्हा ट्यून न करता सगळा बँड वापरता येतो, याचा त्याला कोण अभिमान! वास्तविक तोच आकडा त्याच्या अँटेनाची तक्रार सांगत होता. मीटरला सुमारे ६ पिकोफॅरड धरले तर त्या तारेची कपॅसिटन्स १५० पिकोफॅरड भरते, रिअॅक्टन्स (त्या कपॅसिटन्समुळे प्रवाहाला होणारा अडथळा) साधारण ७७०० ओहम, आणि एवढी रुंद बँडविड्थ मिळायला एकूण रेझिस्टन्स १२० ओहमच्या आसपास असावा लागतो. रेडिएशन रेझिस्टन्स मात्र ०.०२ ओहम! म्हणजे १०० वॉटपैकी हवेत जात होते जेमतेम १८ मिलिवॉट. माथ्याच्या तारेला टोकाशी ताणून धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तपकिरी, केसासारखी बारीक जळकी रेघ उमटली होती, कारण तिथे ७००० व्होल्ट येत होते. तेही त्याने चांगल्या सिग्नलचे लक्षण मानले.

यावर त्याचा उपाय एकच, अर्थिंगसाठी जमिनीत आणखी सळया ठोकणे. माझे म्हणणे असे होते की ९ मिलिहेन्रीच्या त्या कॉइलचा क्यू (रिअॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स) २०० धरला तरी जवळपास ४० ओहम एकट्या कॉइलचे आहेत, आणि कॉइलचे नुकसान सळयांनी भरून निघत नाही. माथ्यावर तार वाढवा, कपॅसिटन्स दुप्पट करा. मग कॉइल निम्मी लागते, तिचा रेझिस्टन्स निम्मा होतो, व्होल्टेज उतरते आणि जमिनीतले नुकसानही घटते. यातले काहीही माझे संशोधन नाही. माथ्यावर आडव्या तारांचा पसारा मार्कोनीच्या काळापासून आहे, कॉइलच्या इंडक्टन्सचे सूत्र व्हीलरने १९२८ साली दिले आणि एकपदरी कॉइलच्या रेझिस्टन्सची मोजमापे मेडहर्स्टने १९४७ साली छापली. ज्याला हे वाचायला एक संध्याकाळ जड वाटते, त्याने वर्षभर सळया ठोकाव्यात, माझी हरकत नाही.

तेव्हा तुम्ही सुरुवात कुठून करावी? कपॅसिटन्स आणि बँडविड्थ मोजा, एकूण रेझिस्टन्स काढा, आणि अँटेनाच्या पायथ्याशी प्रवाह मोजणारा मीटर कायमचा लावून टाका. एसडब्ल्यूआरचे कौतुक सांगणाऱ्या प्रत्येकाला आधी अँपिअर विचारा. कॉइलसाठी लिट्झ तार, म्हणजे एकमेकांपासून इन्सुलेट केलेल्या बारीक धाग्यांची तार, घ्या. या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तांब्यात ०.१८ मिलिमीटरच्या आसपासच शिरतो, त्यामुळे जाड भरीव तारेचा बराचसा गाभा फुकट जातो.

मात्र जुने ते सगळे जसेच्या तसे उचलू नये, हेही खरे. मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांचा १२० रेडियलचा (अँटेनाच्या पायथ्यापासून चोहीकडे पसरलेल्या जमिनीतल्या तारांचा) पाठ इथे चालत नाही, कारण पाव तरंगलांबीचा एकेक रेडियल ५५० मीटर लांब होईल. डब्ल्यूएसपीआरसारख्या, अतिक्षीण सिग्नल संगणकाने ओळखणाऱ्या २००८ नंतरच्या पद्धतींबद्दल जुन्या ग्रंथांत काही सापडणार नाही, आणि काही मिलिवॉटही दूरवर ऐकू येतात ते त्यांच्यामुळेच. शिवाय परवाना आणि १ वॉट ईआयआरपीची (सर्व दिशांना सारखे प्रसारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत मोजलेल्या प्रसारित शक्तीची) मर्यादा पाळाच, आणि ट्रान्समीटर चालू असताना कॉइलला हात लावू नका.

माझ्या मित्राने शेवटी माथ्यावरची तार वाढवली आणि एकूण रेझिस्टन्स ७० ओहमपर्यंत उतरला. पण त्याच दिवशी त्याने आणखी काही सळयाही ठोकल्या आणि श्रेय त्यांनाच दिले. नव्या सळया सोडवून पुन्हा प्रवाह मोजावा, ही माझी मागणी त्याने अजून मान्य केलेली नाही.