ओल्या कचऱ्यापासून सुरुवात कर

घर पर्यावरणपूरक करायचं म्हणून सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस. आधी स्वयंपाकघरातला ओला कचरा घरीच बादलीत खत करून जिरव. गोव्याच्या पावसात खताच्या बादलीला कुजका वास सुटतो आणि तिथंच बरेच जण नाद सोडतात. कारण साधं: पाणी जास्त, हवा कमी. म्हणून मे महिन्यातच आंब्या-फणसाचा सुका पाला नि काथ्याचा भुसा पोत्यात भरून ठेव. एक वाटी ओल्यावर दोन वाट्या सुकं, आठवड्यातून दोनदा ढवळायचं. माशांचे काटे मात्र माडाच्या आळ्यात खोल पूर, नाहीतर मांजरं उकरतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला कापडी पिशवी आणि मासळीसाठी झाकणाचा डबा ने. मी कित्येक वर्षं तेच करते. सोलरचं पुढच्या वर्षी बघू.