छोट्या पिकअपला स्पार्क प्लग कुठले घ्यावेत आणि ते घरी बदलता येतात का?

दादा, तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोल-सीएनजी आहे, चार सिलेंडर, साठ हजाराच्या आसपास चाललीय, रिकामी असली की मस्त पळते पण मासळीचे क्रेट भरून आंबा घाट चढायला लागली की गॅसवर झटके देते, पेट्रोलवर टाकली की परत गप चालते, आणि गॅरेजवाला म्हणतो इरिडियम प्लग टाका. मी पण रत्नागिरीतच अशीच गाडी चालवतो, मिरकरवाड्यातून मासळी आणि सीझनला आंब्याच्या पेट्या, प्लगचं काम घरीच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेट्रोलवर बरी आणि गॅसवर लोडला मिसिंग (मधेच एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन पेटत नाही), म्हणजे पहिला संशय ठिणगीवर घ्यायचा. कारण असं की चढाला तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दाबता तेव्हा सिलेंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात गॅस-हवेच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं. प्लगचं टोक झिजून गॅप (ठिणगी जिथे उडते ती फट) वाढलेली असेल, कॉइलचा (प्लगला हाय व्होल्टेज देणारा भाग) रबर चिरलेला असेल किंवा कॉइलच कमजोर झाली असेल, तर सपाट रस्त्यावर आणि पेट्रोलवर ते सगळं झाकलं जातं आणि घाटात गॅसवर उघडं पडतं. म्हणून नुसते प्लग महाग टाकून दुखणं जाईलच असं नाही, आधी जुने काढून बघा. (डिझेल पिकअपवाले हे वाचत असतील तर त्यांनी प्लग शोधत बसू नये, डिझेलला स्पार्क प्लग नसतोच, असतो तो ग्लो प्लग आणि त्याचं मुख्य काम थंड इंजिन चालू करताना.)

जुने प्लग काढले की पहिल्या सिलेंडरपासून क्रमाने फळीवर मांडून ठेवा, एकत्र टाकू नका, कारण कुठला प्लग कुठल्या सिलेंडरचा हीच खरी माहिती आहे. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तो सिलेंडर ठीक. गॅसवर जास्त चालणाऱ्या गाडीत प्लग पेट्रोलपेक्षा कोरडे नि पांढुरके दिसतात, त्याला घाबरू नका, पण पांढरं होऊन वर बारीक फोड आल्यासारखं दिसत असेल तर तो प्लग तापतोय, एकतर चुकीचा नंबर आहे नाहीतर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर. ओला तेलकट काळा प्लग असेल तर ऑइल वर चढतंय, रिंग नाहीतर वॉल्व सील बघायला लागेल आणि तिथे कुठलाही प्लग टिकणार नाही. पांढऱ्या चिनी मातीवर, षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी कडं दिसलं की बरेच जण म्हणतात प्लगमधून गॅस लीक होतोय. तसं नसतं, हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी आतून न जाता बाहेरून उडी मारतेय. तो प्लग तर बदलाच, आणि सोबत कॉइलचा रबर पण, कारण त्याच्या आतही तशीच रेघ असते आणि जुन्या रबरात नवीन प्लग घातला की मिसिंग परत सुरू.

आपल्याकडे किनाऱ्यावर हा रबरवाला भाग सगळ्यात जास्त त्रास देतो असं माझं मत आहे. खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, त्यात मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून चेसीवर गळत राहतं, आणि या छोट्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा इंजिन सीटखाली, रस्त्याला जवळ. कॉइलच्या कपलरच्या (वायरच्या जोडणीच्या) पिना हिरव्या पडतात. कोणी प्रेशरने इंजिन धुतलं की प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं. कपलर काढून पिना बघा, हिरवं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रबराच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटभर लावा. यावर खर्च फारच कमी आणि फायदा कधी कधी नवीन प्लगपेक्षा जास्त.

आता घ्यायचे कुठले. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच, किंवा दुसऱ्या कंपनीचा त्याला जुळणारा नंबर, आणि जुळणी त्या कंपनीच्या यादीवरून करायची, दुकानदाराच्या आठवणीवरून नाही. कारण हीट रेंजचे, म्हणजे प्लग किती लवकर उष्णता बाहेर टाकतो त्याचे, आकडे सगळ्यांचे सारखे नसतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा मोठा तेवढा गरम. आकडा बघून अंदाजाने घेतला तर नेमका उलटा प्लग हातात येतो. गरम प्लग लोडला नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठकठक) करवतो, पिस्टन पण जाळू शकतो, आणि जास्त थंड प्लग गावातल्या गावात फिरून काजळी धरतो. आट्यांची लांबी पण तीच पाहिजे, लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. नंबरात रेझिस्टरचा आर असेल तर आरवालाच घ्या, नाहीतर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) त्या ठिणगीचा त्रास होतो.

इरिडियमबद्दल. त्याचं टोक बारीक असतं म्हणून ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, आणि इरिडियम वितळतं २,४०० अंशांच्या वर, निकेल १,४५५ ला, त्यामुळे टोक झिजत पण नाही लवकर. गॅसवर याचा फायदा आहे, गॅरेजवाला त्या बाबतीत चुकीचं सांगत नाहीये. पण पुस्तकात साधा निकेल प्लग दिला असेल तर चांगल्या कंपनीचा निकेल, बरोबर गॅप ठेवून आणि वेळेत बदलून, भाड्याच्या गाडीला पुरतो. निकेल साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर, गॅसवर सतत लोड असेल तर त्याच्या आधीच काढून बघा, इरिडियम लाखाच्या आसपास जातो. तुमचे जर पहिल्यापासूनचे निकेल असतील तर साठ हजाराला ते संपलेलेच आहेत. पुस्तकात इरिडियमच लिहिलं असेल तर मात्र पैसे वाचवायला निकेल टाकू नका. आणि इरिडियम म्हणून फार स्वस्तात मिळाला तर घेऊ नका, बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे.

गॅप हा गॅसवाल्या गाडीतला मोठा मुद्दा. पेट्रोलला बऱ्याच इंजिनात १.० ते १.१ मिलीमीटर असते, गॅसला ०.७ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, तुमच्या गाडीला किती ते पुस्तकात बघून तेवढीच. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजा, आणि कमी-जास्त करायचं तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हळू वाकवा, मधल्या टोकावर जोर देऊन उचकटायचं नाही. इरिडियमला तर हात लावू नका, ते टोक मोडतं, आणि त्याला वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर पण नको.

घरी बदलता येतात, नक्की येतात, घाई नको एवढंच. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे पटकन जातात आणि मग हेडला इन्सर्ट (नवीन आट्यांची बुशी) बसवायचं काम निघतं. सीट उचला, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कॉइलचा बोल्ट काढून कॉइल जरा फिरवून सरळ वर ओढा, वायर धरून नाही. मग प्लग सोडण्याआधी खड्ड्यात हवा मारा, आपल्याकडची लाल माती नि वाळू तिथे बसलेली असते, ती सिलेंडरमध्ये पडता कामा नये. प्लग पाना आत रबर किंवा मॅग्नेटवाला घ्या. नवीन प्लग हातातून फरशीवर पडला तर तो वापरू नका, आत तडा गेलेला बाहेरून दिसत नाही.

बसवताना प्लगच्या वरच्या टोकाला पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा लावा आणि बोटांनी फिरवत आत न्या, आटे वाकडे बसायला लागले तर पाइप स्लिप होतो आणि नुकसान होत नाही. पाना लावून सुरुवात कधीच करायची नाही. टॉर्क पाना असेल तर १४ मिलीमीटर आट्यांना अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलीमीटरला १५ ते २०. नसेल तर १४ मिलीमीटरचा वॉशरवाला नवीन प्लग हाताने टेकेपर्यंत आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. आट्यांना ग्रीस लावू नका, वरून कोटिंग असतं आणि ग्रीसने नकळत जास्त आवळला जातो.

एवढं करून परत मिसिंग आलं तर स्कॅनर लावून कोड बघा, पी०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, पी०३०२ दुसरा, तसंच पुढे. ज्या सिलेंडरचा कोड असेल त्याची कॉइल शेजारच्या सिलेंडरच्या कॉइलशी अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली. तिथेच राहिलं तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगा, आणि फक्त गॅसवरच येत असेल तर गॅस फिल्टर नि रेग्युलेटर सीएनजी किटच्या माणसालाच दाखवा, ते घरी खोलायचं काम नाही. तोपर्यंत चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना लोड घेऊन घाट चढू नका, न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं आणि तो चार प्लगच्या कितीतरी पट महाग पडतो. जुन्या प्लगचे फोटो क्रमाने काढून इथे टाकलेत तर बघून सांगतो.