टेबलावर नको, पण मग कुठे?

मावशी, स. न.

गुहागरजवळच्या एका वाडीत आमची घरगुती खानावळ आहे. पुढच्या पडवीत टेबलं, जेवण शाकाहारी, सुट्ट्यांत गर्दी. नाताळात पुण्याचं एक जोडपं सात-आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आलं. पानं वाढणार, तेवढ्यात त्या मुलीने बाळाला तिथेच टेबलावर आडवं केलं आणि डायपर सोडला. बाळाने शी केली होती. शेजारच्या टेबलावर मोदक वाढलेले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "अहो, इथे माणसं जेवतायत!" ती मुलगी रडवेली झाली, नवरा माझ्या अंगावर आला आणि दोघं न जेवताच निघून गेली. रात्री गूगलवर एकच तारा, खाली लिहिलेलं, "इथे लहान मुलांचा तिटकारा आहे." वर तो डायपर माडाखाली टाकून गेलेली. कुत्र्याने तो आगरात नेऊन फाडला, आतला चिकट लगदा पोफळींच्या आळ्यांत पसरला. सासूबाईंनी टेबल दोनदा धुवायला लावलं, वर गोमूत्र शिंपडलं. लेक म्हणते, आई, तुझंच चुकलं, तिने जायचं कुठे? मिस्टर म्हणतात, गिऱ्हाइकाला बोलायचंच नाही. आता मे महिना तोंडावर आलाय. पाटी लावू का?

– एक खानावळवाली

ताई,

जेवायच्या टेबलावर बाळाची शी काढायची नाही. यात तुमचंच बरोबर, आणि लेक रागावली तरी मी हे मागे घेणार नाही. बाळ कितीही गोड असलं तरी त्याची शी ही शीच. लहान मुलांना जुलाब करणारे रोटासारखे विषाणू शीतून हाताला, हातातून टेबलाला आणि टेबलावरून दुसऱ्याच्या पोटात जातात. शिवाय खानावळीत एकच फडकं सगळ्या टेबलांवरून फिरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सासूबाईंनी टेबल धुवायला लावलं ते योग्यच केलं. साबण लावला असेल तर गोमूत्राबद्दल मी काही बोलत नाही.

टेबल नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे, ते त्या आईच्या लक्षात आलं नसेल. सात-आठ महिन्यांचं पोर कधी उलटेल याचा नेम नाही. आईने ओले पुसे काढायला पिशवीत हात घालावा आणि त्याने कड गाठावी. आपल्याकडे पोरांचं सगळं पूर्वापार जमिनीवर चालत आलं ते काही उगीच नाही. पाटावर बसून, पाय पसरून, पायांवर पोराला आंघोळ घालणाऱ्या बायका तुमच्या वाडीत अजून असतील. खाली चटई, तिच्यावर दुपटं, यासारखी बिनधोक जागा नाही.

हे झालं तुमच्या बाजूने. आता लेकीच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो तुम्ही पत्रात लिहिलात खरा, पण त्याचं उत्तर दिलं नाहीत. तिने जायचं कुठे? पुण्याहून निघालेली बाई कुंभार्ली घाटाची वळणं घेत सहा-सात तासांनी तुमच्या दारात उतरली. पोर रडतंय, नवरा गाडी लावतोय, भूक लागलीय. तिला दिसलं काय? टेबलं, खुर्च्या आणि हात धुवायचं बेसिन. संडास कुठे म्हणून विचारलं असतं तर तुम्ही मागच्या दाराकडे बोट दाखवलं असतं. तिथली फरशी ओली, दाराला एक खिळा, त्यावर ओढणी टांगायची की पिशवी? पोराला ठेवायचं कुठे? टेबल तिने मुजोरीने निवडलं असं मला वाटत नाही. डोळ्यांसमोर कोरडी सपाट जागा तेवढी एकच होती. चूक तिचीच, पण तिथवर तिला आपण सगळ्यांनी मिळून आणून सोडलं होतं.

आणि तुम्ही ओरडलात, तेही दारातून, चार लोकांत. लहान मूल असलेल्या बाईला दिवसभरात इतकी माणसं काय काय सांगत असतात की शेवटचं वाक्य कुणाचंही असलं तरी ती त्यालाच फुटते. टेबलापाशी जाऊन हळूच म्हणायचं, "ताई, बाळाला घेऊन आत चला, चटई घालून देते, पंखाही आहे." एवढ्याने भागलं असतं. ती उठली असती, शेजारच्यांचे मोदक वाचले असते आणि तिला न बोलताही कळलं असतं. मिस्टरांचं "बोलायचंच नाही" हे मला मुळीच मान्य नाही. न बोलता मनातल्या मनात चरफडणारी यजमानीण गिऱ्हाइकाला बरोबर ओळखू येते.

पाटी जरूर लावा, पण "टेबलावर डायपर बदलू नये" अशी नको. आपल्याकडे देवळापासून एसटीपर्यंत इतकी "नये" लिहिलेली असतात की कुणी वाचत नाही. तुमच्या पाटीवर लिहा: "बाळाचे कपडे, डायपर बदलायची सोय मागच्या पडवीत आहे." आणि ती सोय खरंच करा, खर्च फार नाही. एक खाट किंवा जाड चटई, वर रेक्झिनचा तुकडा, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येतो. जुन्या साड्यांचा एक पडदा. कोपऱ्यात बादली, तांब्या, साबण. साबण हवाच, कारण शी लागलेले हात नुसत्या सॅनिटायझरने स्वच्छ होत नाहीत. झाकणाचा डबा, शक्यतो पायाने उघडणारा. शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. पंखा असेल तर सोन्याहून पिवळं. मे महिन्यात किनाऱ्यावर घामाने पोरांच्या जांघा आधीच लाल झालेल्या असतात, दोन मिनिटं उघडं ठेवलं तरी त्यांना बरं वाटतं.

एक मात्र करा. ही जागा बायकांच्या संडासाच्या आत नको. हल्ली बापही पोरांचं करतात, आणि करणाऱ्याला वाट मोकळी हवी. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, ते रायगडच्या त्या गवळणीच्या नावाने. पोरासाठी रात्री कडा उतरली ती. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी ते केलेत, आणि चांगलंच केलंय. पण पोराला घेऊन एकटाच निघालेला बाप तिथे जाणार कसा? मग तो बाकड्यावर वर्तमानपत्र पसरतो आणि दहा जण बघत बसतात. तुमच्या पडवीत ही अडचण मुळात येऊच देऊ नका.

आता कचऱ्याकडे येते. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण मला खरा घोर याचाच आहे. कापडाच्या लंगोटाच्या काळात वास सगळ्यांना यायचा, पण लंगोट धुऊन दोरीवर वाळत पडायचा, विषय संपायचा. डायपर गुंडाळून चिकटपट्टी लावली की हातात स्वच्छ, गोल बोचकं राहतं आणि माणसाला वाटतं, झालं, आता कुठेही ठेवा. आत प्लास्टिक असतं आणि पाणी शोषून फुगणारी एक पूड. तुमच्या आळ्यांत पसरला तो लगदा तिचाच. तो कुजून माडाला खत होणार नाही, तेव्हा आगरातल्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात डायपर जाता कामा नये. बंबात किंवा चुलीत घालून जाळायचाही नाही. संडासात तर मुळीच टाकायचा नाही. तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल, तो तुंबला की ऐन हंगामात उपसणारा माणूस कुठून आणणार?

करायचं असं. डायपरमधली शी आधी संडासात झटकायची. हे बहुतेकांना सुचतच नाही. मग डायपर आतल्या बाजूला घडी करून गुंडाळायचा, कागदात बांधायचा आणि झाकणाच्या डब्यात टाकायचा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी डायपर नीट बांधून टाकणं लोकांवर घातलं, आणि वापरलेला डायपर बांधायला पाकिटातच पिशवी द्यावी, हे कंपन्यांवर. तुमच्या वाडीत घंटागाडी येत असेल तर गाडीवाल्याला हे बोचकं वेगळं द्या आणि यात काय आहे ते तोंडाने सांगा. तो हाताने कचरा निवडतो. गाडी येत नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा, आणि पाहुण्यांना बिनदिक्कत सांगा की तुमचा डायपर तुमच्याबरोबर न्या. जेवणाचे पैसे दिले म्हणून कुणी पोराची शी तुमच्या नावावर करून जाऊ शकत नाही.

हे पत्र पोरं घेऊन फिरणारेही वाचतील, त्यांना दोन शब्द. जेवायला उतरण्याआधी गाडीतच मागच्या सीटवर किंवा डिकीत चटई पसरून बदला, तीच सगळ्यात बरी जागा. कोकण रेल्वेत खालच्या बर्थवर बदलायला हरकत नाही, पण समोरचा डबा उघडून जेवत असेल तर पाच मिनिटं थांबा. गाडीच्या संडासात डायपर टाकाल तर तो बायो-टॉयलेटमध्ये अडकतो आणि पुढच्या स्टेशनपर्यंत सगळा डबा तुम्हाला शिव्या घालतो. देवळाच्या सभामंडपात नको, आवारात कुणाला विचारलं तर हमखास कुणीतरी आपल्या ओटीवर नेतं. आणि समुद्रावर वाळूत पुरायचा तर विचारही नको. भरतीचं पाणी किंवा कुत्रा, कुणीतरी तो उकरतोच. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, उन्हाळ्यात पिल्लं त्याच वाळूतून पाण्याकडे सरकतात. तिथे आपल्या पोराचा डायपर पडलेला असावा हे कुणालाच आवडणार नाही.

नाक मुरडणाऱ्यांनाही एक सांगते. महामार्गावर गाडी थांबवून झाडाच्या आडोशाला, आणि झाड नसेल तर तसंच, उभे राहणारे पुरुष रोज दिसतात. त्यांतलेच एखादे काका पुढच्या हॉटेलात बाळाच्या शूकडे बघून "आजकालच्या आया!" म्हणतात. त्यांनी जरा दमाने घ्यावं.

राहिला तो एक तारा. भांडू नका, आणि लपवूही नका. लिहा: "त्या दिवशी मी मोठ्याने बोलले, तुम्हाला चारचौघांत अवघडल्यासारखं झालं, याचं वाईट वाटतं. जेवायच्या टेबलावर डायपर बदलू नये हे मात्र आजही म्हणेन. आता मागच्या पडवीत त्याची सोय केली आहे. पुन्हा आलात तर बाळासाठी मऊ भात करून ठेवीन." एवढंच. डायपर माडाखाली टाकून गेलात, हे त्यात घालू नका. लिहायला हात शिवशिवतील, पण ते लिहिलंत की वाचणारे बाकीचं विसरून तेवढंच लक्षात ठेवतील. लेकीकडून टाइप करून घ्या. तिचंही समाधान होईल.

आणि सासूबाईंना विचारून ठेवा, गर्दीच्या दिवसांत त्या मागच्या पडवीत बसतील का. दुसऱ्याचं पोर रडायला लागलं की म्हाताऱ्या माणसांना बरोबर सुचतं. चटई झटकणं, रेक्झिन पुसणं बघायला कुणीतरी हवंच. डबा रोज संध्याकाळी रिकामा करायचं काम मिस्टरांकडे द्या. त्यात गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही.

– मावशी