आलेल्या कालवडीला हाकलू नका, पण गोठ्यातही बांधू नका

ताई, तुमची हकिगत दोनदा वाचली. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात केरीला कुळागराला (पोफळीच्या बागायतीला) लागून घर, दोन दुभत्या गायी, एक गाभण म्हैस आणि तीन महिन्यांची पाडी. परवा तिन्हीसांजेला गुरं चरून परतली तेव्हा त्यांच्यामागून एक अनोळखी तांबूस कालवड आत शिरली, सरळ गव्हाणीला लागली आणि आता जायचं नाव घेत नाही. सासूबाई म्हणतात दिवाळी तोंडावर लक्ष्मी चालून आलीय, ठेवून घ्या. यजमान म्हणतात हमरस्त्यावर सोडून या. आणि तुम्ही विचारताय, ऐकायचं कुणाचं.

आज तरी दोघांचंही ऐकू नका. हे वाचून झालं की तिला गोठ्यातून बाहेर काढा आणि मांगराकडे किंवा माडाखाली, तुमच्या गुरांपासून निदान तीस-चाळीस पावलांवर बांधा. गोठ्याचं पाणी वाहून जिथे जातं त्या बाजूला बांधलीत तर उत्तम, म्हणजे तिच्याकडचं पाणी गोठ्याकडे येणार नाही. डोक्यावर काहीतरी आडोसा हवा, परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. बादली वेगळी, दावं वेगळं, शेण काढायचं खोरं वेगळं. तिचं शेण आत्ताच गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाकू नका, एका बाजूला साठवा.

मी हे इतक्या घाईने का सांगतोय ते ऐका. आमच्याकडे वाळपईजवळ कित्येक वर्षांपूर्वी अशीच एक संकरित गाय पावसात दारात आली. हाडं मोजून घ्यावीत इतकी रोडावलेली. आईला राहवलं नाही. तिने तिला आमच्या कपिलेच्या शेजारच्याच खुंट्याला बांधली, त्याच घमेल्यातून पेज पाजली. तिसऱ्या दिवशी त्या गायीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. आठवडाभरात आमची चारही गुरं लंगडायला लागली. लाळ्या-खुरकूत. जिभेची साल निघाली होती, गवताची काडी तोंडात घेतली की गाय मान झटकायची. मोठी गुरं वाचली, पण कपिलेचं वासरू रात्री दूध प्यालं आणि सकाळी मरून पडलेलं होतं. अंगावर एक फोडसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, लहान वासरात हा रोग थेट हृदयाच्या स्नायूवर जातो, बाहेर काही दिसायच्या आधीच. तुमच्या गोठ्यातली ती तीन महिन्यांची पाडी वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून आधी हे लिहिलं.

रोग अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. म्हणजे आज धडधाकट दिसणारी कालवड उद्या-परवा लाळ गाळू शकते. म्हणून एकवीस दिवस वेगळं ठेवायचं, त्यात सूट नाही. रोज आधी तुमच्या गुरांचं सगळं उरकायचं, चारा-पाणी, धार, पाडीला पाजणं, आणि मग शेवटी तिच्याकडे जायचं. तिच्याकडून परत गोठ्यात यायचं नाही. अगदी यावंच लागलं तर हात-पाय साबणाने धुऊन, चपला बदलून. गोठ्याच्या उंबऱ्यावर गोणपाट टाका आणि ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिजलेलं ठेवा, दहा लिटरला चारशे ग्रॅम सोडा. खाण्याचा सोडा नव्हे. ती दोन रात्री गोठ्यात राहिलीच आहे, तेव्हा गव्हाणसुद्धा याच पाण्याने धुऊन काढा आणि तुमच्या गुरांची तोंडं-खूर रोज बघत राहा. या रोगाची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून 2019 पासून वर्षातून दोनदा फुकट दिली जाते; तुमच्या गुरांना शेवटची कधी टोचली ते डॉक्टर आले की सांगता आलं पाहिजे.

डॉक्टर बोलवायचेच आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा 1962 ला फोन लावा. तोवर लांबून बघण्यासारखं बरंच आहे. रवंथ करते का? शेण घट्ट आहे की पातळ? लघवीचा रंग कॉफीसारखा असेल तर गोचीडताप. कातडीवर गाठी असतील तर लंपी, आणि लंपी माशा-डासांनी पसरतो, त्यामुळे अशा वेळी नुसतं चाळीस पावलांचं अंतर पुरत नाही, दोन्हीकडे कडुनिंबाचा धूर करावा लागतो. मागून घाण स्राव किंवा लोंबणारी वार दिसली तर उघड्या हाताने अजिबात शिवू नका. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो आणि तुमची म्हैस गाभण आहे. डावी कूस फुगलेली आणि शेण जेमतेम असेल तर रस्त्यावरचं प्लास्टिक पोटात असण्याची दाट शक्यता.

आणि एक, तिला काही गिळता येत नाहीय, घशात अडकल्यासारखं करतेय, आवाज घोगरा झालाय असं वाटलं तर माया येऊन तोंडात हात घालू नका. गुरांतली पिसाळी (रेबीज) अनेकदा अशीच सुरू होते. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाचं फार मोठं काम झालंय, 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीरही झालं, पण गुरांमध्ये तो रोग संपलाय असं समजू नका. लाळ हाताला लागलीच तर पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

सत्तरीत राहता म्हणून गोचिडांबद्दल वेगळं सांगतो. 2015 पासून आपल्या तालुक्यात गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाने माणसं दगावलीत, ते तुम्हाला सांगायला नको. गुरं तो ताप देत नाहीत, दुधातूनही तो येत नाही, पण रानात फिरलेलं जनावर गोचीड अंगावर घेऊन अंगणापर्यंत येतं. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ बघा. हाताने उपटून नखावर चिरडायची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. औषध डॉक्टर देतील ते त्यांनी सांगितलेल्या मापानेच.

खायला काय? सुकं गवत आणि पाणी. पाणी थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. सासूबाईंना हात जोडून सांगा, शीत, पेज, घरातला उरलेला भात तिच्यापुढे भरभरून ठेवू नका. उपाशी गुराने एकदम भात खाल्ला तर पोटात आंबतो, आम्ल वाढतं आणि जनावर दोन दिवसांत आडवं होतं. लग्नाच्या मांडवामागे फेकलेला भात खाऊन मेलेली मोकाट गुरं मी पाहिली आहेत. ज्याने टाकला त्याला पुण्य केल्यासारखंच वाटत होतं.

आता मालकाबद्दल. तुम्ही लिहिलंय की कानात बिल्ला नाही, म्हणजे बेवारस असावी. मला तसं वाटत नाही. तुम्हीच पुढे लिहिलंय की डाव्या कानाच्या मध्ये फाटल्यासारखं भोक आहे आणि मानेवर केस गेलेत. ते भोक बिल्ल्याचं असणार, झुडपात अडकून निघाला असेल. मानेवरचा पट्टा दाव्याचा. ही कुणाच्या तरी दारात बांधून वाढलेली कालवड आहे. भात कापून झालं की आपल्याकडे गुरं मोकळी सोडतात, त्यात वयात आलेली कालवड माजावर असली की मैल दोन मैल कुठेही भरकटते आणि दुसऱ्या कळपाच्या घंटा ऐकून मागे लागते. अठरा ते चोवीस दिवसांनी ती पुन्हा अस्वस्थ होऊन हंबरायला लागली तर समजा, पहिल्यांदाही त्याच पायी आली होती. (एरवी जंगलाच्या कडेला एकटंच सोनेरी-तांबूस पिल्लू दिसलं तर ते गव्याचं नाही ना, हे आधी बघायचं आणि वनखात्याला फोन करायचा. तुमच्याकडचं ते नव्हे, गव्याच्या मानेला दाव्याचा घट्टा पडत नाही.)

शोध कुठे घ्यायचा? सकाळची दूध सोसायटी. पहाटे साडेपाच-सहाला अख्ख्या वाड्याची भांडी तिथे असतात, कुणाची कालवड हरवली ते तासाभरात कळतं. मोर्लेला विचारा, घोटेलीला विचारा, चोर्ल्याच्या वाटेवरच्या वाड्यांना विचारा. दोडामार्गच्या बाजूलाही निरोप धाडा. गुरांना राज्याची हद्द कळत नाही. रंग सांगा, अंदाजे वय सांगा, पण एक खूण स्वतःपाशी ठेवा. शिंगाचा बाक, पोटाखालचा पांढरा ठिपका, काहीही. मालक म्हणून येईल त्याने ती सांगितली पाहिजे. बिल्ला सापडला तर काम सोपं: त्यावरचा बारा आकडी क्रमांक देशात दुसऱ्या कुठल्याच जनावराला नसतो, डॉक्टर मोबाइलवर टाकून मालकाचं नाव-गाव काढतात. ज्या वाटेने तुमची गुरं त्या दिवशी आली, ती वाट एकदा चालून बघा.

त्याचबरोबर पंचायतीत आणि पोलिस चौकीत लेखी कळवा, फोटो जोडून, तारीख घालून, आणि पोच घ्या. हे संशयापोटी नव्हे, तुमच्या रक्षणासाठी. सापडलेली वस्तू राखणाऱ्यावर ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची जबाबदारी 1872 च्या करार कायद्याने टाकलेली आहे. खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवता येते. माझं मत विचाराल तर गवताचे आणि औषधाचे पैसे सोडून एक रुपया मागू नका, आणि मालक गरीब असेल तर तेही मागू नका. विकायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका, मालकाचा शोध न घेता विकणं गुन्हा ठरू शकतं. यजमानांना सांगा, टेंपोत घालून कुठे सोडायचंही नाही. रात्री हमरस्त्यावर बसलेल्या गुरावर दुचाकी आदळून पोरं गेलेली आपण पाहतो.

मालक आलाच नाही, तर एकवीस दिवसांनी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, गर्भपाताच्या रोगाची तपासणी त्यात हवीच. मग पंचायतीला कळवून बिल्ला तुमच्या नावावर मारून घ्या, लशी घ्या, आणि आधी चरायला एकत्र सोडा, गोठ्यात नंतर. मोकळ्यावर शिंगं लावून झाली की आत भांडण कमी होतं. सांभाळणं जमणार नसेल तर डिचोलीत शिकेरीला गोशाळा आहे, तिथे विचारा.

राहता राहिला दिवाळीचा पाडवा. सासूबाईंचं मन मोडू नका. तुमच्या गुरांना आधी न्हाऊ घाला, माळा घाला, पोळे (घावन) भरवा, ओवाळा. मग वेगळं ताट, वेगळी वात घेऊन कालवडीकडे जा. पोळा एकच भरवा. परत येताना उंबऱ्यावरच्या गोणपाटावर पाय द्यायला विसरू नका. आणि उद्या सोसायटीतून आल्यावर तिच्या डाव्या कानाचा जवळून फोटो टाका, भोक ताजं आहे की जुनं ते बघून सांगतो.