बेरात पाचवी लहर आली नाही म्हणजे काय? चार महिन्यांच्या बाळाच्या आईला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळ ४ महिन्यांचं, जन्मानंतर कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, आणि आता इथल्याच एका सेंटरचा बेराचा, म्हणजे कानाच्या नसेतून आवाज पोचतो का ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट सांगतो की दोन्ही कानांत ९० डेसिबलपर्यंत पाचवी लहर नाही. सासूबाई म्हणतात, दार आपटलं की दचकतो, दोन वर्षांचा होऊ दे. आणि तुम्हाला रात्रभर एकच भीती, की मेंदूत दोष आहे.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तो पाच महिन्यांचा असताना याच इंदूरात असाच कागद हातात धरून मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

बेरा बाळाची बुद्धी मोजत नाही. कानात टिक-टिक आवाज सोडतात. तो कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत चढताना पहिल्या दहा-एक मिलिसेकंदांत जी वीज उमटते, ती कपाळावर आणि कानामागे लावलेले इलेक्ट्रोड टिपतात. ही वीज एका मायक्रोव्होल्टहूनही कमी असते. बाळाने नुसती मान वळवली तरी स्नायूंची वीज तिला गिळून टाकते. म्हणून हजार-दोन हजार वेळा आवाज देऊन सरासरी काढावी लागते. आवाज कमी कमी करत नेला तरी सगळ्यांत शेवटपर्यंत टिकते ती पाचवी लहर. तिच्यावरून ऐकण्याची पातळी ठरवतात.

आता आमच्या पहिल्या तपासणीत काय झालं ते सांगते. निघताना आजीने नेहमीप्रमाणे टाळू भरली होती. तेलामुळे कपाळावरचा इलेक्ट्रोड तीनदा सुटला, बाळ अर्धवट जागं, रडवेलं. तरी तपासणी उरकली, तीही फक्त क्लिकवर, म्हणजे त्या टिक-टिक आवाजावर. रिपोर्ट आला: दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष. तीन आठवड्यांनी दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) बाळ गाढ झोपेपर्यंत तासभर वाट पाहिली आणि टोन बर्स्ट, म्हणजे एकेका पट्टीचा वेगळा आवाज देऊन पाहिलं. ५०० हर्ट्झला ५० डेसिबलवर लहर मिळाली, ४००० ला थेट ८० वर. क्लिकमधून मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या भागाचंच कळतं. म्हणजे माझ्या मुलाला ढोल, दार, आजोबांचा खर्जातला आवाज पोचत होता. ‘स’, ‘श’ पोचत नव्हते. पहिल्या कागदावरून ऐकण्याचं मशीन लावलं असतं, तर खालच्या पट्टीचे आवाज त्याच्या कानात नको इतके मोठे झाले असते.

म्हणून सासूबाईंचं निरीक्षण खोटं ठरवू नका. दार आपटल्याचा हादरा अंगालाही जाणवतो हे खरं, पण ‘दचकतो’ ही नोंद ऑडिओलॉजिस्टना जरूर सांगा. फक्त दोन वर्षं थांबा हा सल्ला ऐकू नका. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. तुमच्या हातात दोन महिने आहेत.

तुमच्या बाळाबाबत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काविळीचं बिलिरुबिन खूप वाढलं तर इजा बहुधा कानाच्या नसेला आणि मेंदूच्या देठाला होते, आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मात्र शाबूत राहू शकतात. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. त्यात ओएई, म्हणजे या केसपेशी काम करतात का ते पाहणारी चाचणी, चांगली येते आणि बेरा कोरा, कारण नसेतून संदेश एका तालात जात नाहीत. अशा बाळाला नक्की किती ऐकू येतं ते बेरावरून सांगताच येत नाही, आणि काही बाळांत पुढच्या महिन्यांत लहरी परतूनही येतात. उपचारांची दिशाच बदलते. तुमच्या रिपोर्टमध्ये ओएईचा उल्लेख नाही, तेव्हा ती आधी करून घ्या. क्लिकची दिशा उलटी करूनही बेरा घ्यायला सांगा. दिशा उलटल्यावर आलेख उलटा झाला, तर तो केसपेशींचा प्रतिसाद, नसेचा नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का, हे टिंपॅनोमेट्रीत दिसतं. एवढ्या लहान बाळाला ती १००० हर्ट्झच्या टोनवर हवी.

खर्चाचं विचारलंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात त्याच्या केंद्राची चौकशी करा.

तपासणीच्या आदल्या रात्री बाळाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका. डोक्याला आणि कपाळाला तेल नको, टाळू त्या दिवशी कोरडीच राहू द्या, आजींना आधीच सांगून ठेवा. या वयात झोपेचं औषध सहसा लागत नाही. द्यायचंच म्हणाले तर डॉक्टर समोर असतानाच. निकालाच्या ओळीबरोबर लहरींचे छापील आलेखही मागून घ्या, पुढचा ऑडिओलॉजिस्ट आधी तेच बघेल. आणि दूध घरी पाजू नका, इलेक्ट्रोड लावून झाल्यावर तिथेच मांडीवर घेऊन पाजा.